व्हायरस जिवंत का मेलेला, आणि उरलेल्या गोळ्यांचं काय?

भातलावणी सुरू झाली की मला दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच इथे उत्तरं देतो.

व्हायरस सजीव का निर्जीव? मुलीची परीक्षा आहे. (देवरुख)

पेपरात पुस्तकातलंच लिहू दे, सीमारेषेवर. मला विचाराल तर मी जिवंत धरत नाही. खाणंपिणं नाही, स्वतःची प्रथिनं बनवता येत नाहीत, पेशीत शिरेपर्यंत नुसता पडून असतो. स्टॅन्ली नावाच्या शास्त्रज्ञाने १९३५ साली तंबाखूच्या रोपावरच्या व्हायरसचे चक्क स्फटिक केले, आणि ते रोपाला लावले तर रोप परत आजारी! पण व्हायरसला जनुकं (जीन्स) आहेत, तो बदलत जातो, म्हणून काहीजण जिवंत म्हणतात. २००३ मध्ये मिमिव्हायरस ओळखला गेला, तो तर एवढा मोठा की आधी बॅक्टेरियाच समजले होते. वाद चालू आहे.

मग साबणाने मरतो कसा? (गुहागर)

मरत नाही, मोडतो. कोरोनासारख्यांचं चरबीचं वेष्टण साबणाने फुटतं.

शेजाऱ्याला लावणीनंतर ताप आला, डॉक्सीच्या गोळ्यांनी उतरला. त्याच्या उरलेल्या गोळ्या मी घेऊ का? दोन दिवस ताप आहे. (कुडाळ)

नाही! शेजाऱ्याला बहुतेक लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असणार, तो बॅक्टेरिया, उंदराच्या मुतातून शेतातल्या पाण्यात येतो आणि पायाच्या चिरांतून आत जातो. डॉक्सी म्हणजे डॉक्सिसायक्लिन, हे अँटिबायोटिक त्या बॅक्टेरियाची प्रथिनं बनवायची यंत्रणा बंद पाडते. पण तुमचा ताप डेंग्यूचा असला तर? डेंग्यूच्या व्हायरसकडे ती यंत्रणाच नाही, तो तुमच्याच पेशीतली वापरतो, मग गोळी बंद काय पाडणार? वरचा सजीव-निर्जीवचा वाद इथे कामाला येतो बघा. आणि उलटंही होतं, लेप्टो असतो आणि माणूस "व्हायरल आहे, उतरेल" म्हणून घरी काढा पीत बसतो, तोवर डोळे लाल, पोटऱ्या ठणकतायत, लघवी कमी, आणि मग रात्री गाडी शोधायची. मेडिकलवाल्याला विचारून "एक स्ट्राँग द्या" हे तर बंदच करा, दुखण्यावरची भलतीच गोळी डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकते. दोन दिवस झालेत ना, आजच पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जा, रक्त तपासा, शेतात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

खाडीकाठी कोळंबीचा तलाव आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या व्हायरसवर एकजण औषध विकतोय, "शंभर टक्के मारतं" म्हणतो. (राजापूर)

त्यावर औषध नाही. पैसे त्याला देण्यापेक्षा पीसीआर चाचणीने व्हायरससाठी तपासलेलं बीज (कोळंबीची पिल्लं) घ्या. आत्ता कोळंबी मरत असेल तर तलावाचं पाणी खाडीत सोडू नका, शेजारचे तलाव पण जातील, आधी मत्स्य विभागाला फोन करा. माणसाला हा रोग होत नाही.

काजूच्या बागेत माकड मरून पडलंय, पुरू का? (दोडामार्ग)

हात लावू नका, जवळही जाऊ नका, माकडतापाचा व्हायरस पसरवणाऱ्या गोचिडी असू शकतात. वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा, आणि बागेत गेलेल्या कोणालाही ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.