मार्चअखेरची बर्फवृष्टी आणि स्कीइंगची आशा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरू लागले की गुलमर्गच्या ताज्या बर्फाच्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात आणि पाठोपाठ पत्रे येतात. गोंधळ दरवर्षी तोच : उशिरा बर्फ पडला म्हणजे हंगाम लांबला, असे सर्वांनी धरून चाललेले असते.

गुलमर्गला नुकताच भरपूर बर्फ पडला आहे. एप्रिलमध्ये पहिल्यांदाच स्कीइंग शिकायला जावे का? (धरमपेठ)

शिकण्यासाठी जाऊ नये. नवशिक्यांचे उतार गावालगत, सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहेत आणि तेथे एप्रिलच्या उन्हात नवा बर्फ फार टिकत नाही. बर्फ उरतो तो गुलमर्गच्या माथ्यावरील अफरवत डोंगराच्या वरच्या अंगाला, आणि ती जागा शिकाऊ माणसाची नव्हे. जानेवारी-फेब्रुवारीतल्या वर्गांची चौकशी तेथील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेकडे करावी.

स्की येथूनच विकत घेऊन जाव्यात का? (मनीषनगर)

नाही, तेथे भाड्याने मिळतात.

विदर्भात गारपीट झाली की हिमालयात बर्फ पडतोच, हे खरे का? (महाल)

ही ऐकीव गोष्ट आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ आणतात, आणि त्यांच्या प्रभावाला बंगालच्या उपसागरावरील बाष्पाची जोड मिळाली तर आपल्याकडे गाराही पडतात. परंतु एकावरून दुसऱ्याचे भाकीत करून तिकिटे काढू नयेत. हवामान खात्याचा त्या भागाचा अंदाज पाहावा.

नवा बर्फ पडून आकाश मोकळे झाले की लगेच, गर्दी नसलेल्या उतारावर जाण्यात खरी मजा आहे, असे मित्र म्हणतात. धोका कितपत आहे? (रामदासपेठ)

मजेची हीच वेळ सर्वाधिक धोक्याची असते. वसंतात जुना बर्फ दिवसा वितळतो, रात्री गोठतो आणि त्यावर कडक, गुळगुळीत कवच तयार होते. नव्या बर्फाला त्यावर धड पकड मिळत नाही, आणि वाऱ्याने कड्याच्या आडोशाला रचलेला थर तर अखंड लादीसारखा सुटतो. हातातली काठी उलटी धरून बर्फात दाबली की ती वीतभर सहज जाते आणि मग टक्क अडते. पाऊल टाकताच ‘धप्प’ असा आवाज येतो, किंवा स्कीच्या टोकापुढे तडा धावतो. यांपैकी काहीही जाणवले तर तेथून मागे फिरावे. 30 ते 45 अंशांचे उतार विशेष घातक असतात आणि माणसांचा बळी घेणारे हिमस्खलन बहुधा त्या माणसांच्याच वजनाने सुटते. मोकळे आकाश सुरक्षिततेची खूण नव्हे. उलट ऊन चढले की पाणी थरांत झिरपते, बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागतात आणि दुपारी ओले स्खलन होते. अफरवतवर 1 फेब्रुवारी 2023 रोजी दोन पोलिश आणि 22 फेब्रुवारी 2024 रोजी एक रशियन स्कीपटू आखीव उतारांबाहेरच हिमस्खलनात दगावले, आणि तेही ऐन हंगामात. गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते, म्हणजे गावातून मदत येईपर्यंत थांबण्यास सवड नसते. गाडलेल्याचा ठाव देणारे संदेशयंत्र, शोधकाठी व फावडे प्रत्येकाजवळ हवे आणि ते वापरण्याचा सराव हवा. मित्रांना विचारण्याऐवजी डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा वाचावा, आणि त्या सकाळी तेथील स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचे गस्ती पथक, नको म्हणाले तर वाद घालू नये.

एक टूर कंपनी औलीसाठी ‘एप्रिलमध्येही बर्फाची हमी’ देते. आगाऊ पैसे भरावेत का? (प्रतापनगर)

भरू नयेत. बर्फाची हमी कोणालाच देता येत नाही. शिवाय ‘बर्फ दिसेल’ आणि ‘स्कीइंग होईल’ यांतले अंतर अशा जाहिरातींत मुद्दाम पुसलेले असते. जोशीमठ-औली रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी 2023 मध्ये बंद झाला; माहितीपत्रकावर त्याचेच छायाचित्र असेल, तर वर कसे नेणार हे आधी विचारावे. स्कीइंग न झाल्यास रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे. अनेक प्रवास विम्यांतून साहसी खेळ वगळलेले असतात, तेव्हा विमा कंपनीलाही स्वतः विचारावे.

सोलंगहून परतल्यापासून डोळे चुरचुरतात, उजेड सोसत नाही. गुलाबपाणी घालत आहे. आणखी काय करावे? (सदर)

हे पत्र लिहिण्यात वेळ घालवायला नको होता. ताजा बर्फ सुमारे 80 टक्के अतिनील किरण परावर्तित करतो आणि त्याने बुब्बुळाच्या पृष्ठभागाला इजा होऊ शकते. मात्र तुम्हाला तेच झाले आहे की दुसरे काही, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आजच नेत्रतज्ज्ञाकडे जावे, दुकानातून सुन्न करणारे थेंब परस्पर आणू नयेत आणि गुलाबपाणी बंद करावे.