सादरीकरणाची पहिली दोन मिनिटे

प्रश्न : रुग्णालयातील औषधसाठ्याची नोंद ठेवणारी आणि मुदत संपत आलेल्या औषधांची आगाऊ सूचना देणारी संगणकप्रणाली आम्ही दोघा भागीदारांनी तयार केली आहे. ती गुंतवणूकदारांसमोर मांडण्यासाठी आम्हाला वीस मिनिटे मिळाली आहेत. सध्या मी कंपनीची ओळख, आमचे शिक्षण आणि अनुभव या क्रमाने सुरुवात करतो. परंतु सरावातच ऐकणाऱ्यांचे लक्ष उडते. सुरुवात किश्श्याने करावी, प्रश्नाने की आकडेवारीने?

उत्तर : किस्सा, प्रश्न की आकडा हे आपण नंतर ठरवावे, कारण आपली अडचण त्याआधीची आहे. आपण स्वतःपासून सुरुवात करता, आणि ज्यांना आपल्या कामाची गरज अद्याप पटलेली नाही त्यांना आपल्या पदव्यांविषयी कुतूहल असण्याचे कारण नाही. प्रवाशांना लोकांच्या घरी राहण्याची सोय मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीचे नाव एअरबेड अँड ब्रेकफास्ट असताना तिच्या संस्थापकांनी गुंतवणूकदारांसाठी केलेले सादरीकरण पुढे सर्वांना पाहायला मिळाले. त्यात नावाखालीच, हॉटेलऐवजी स्थानिक लोकांकडे खोली घ्या, अशा आशयाची एक ओळ होती. लगेच पुढच्या स्लाइडवर प्रवाशांची अडचण मांडली होती आणि संस्थापकांची ओळख बरीच नंतर आली.

आपली सुरुवात साधारण अशी होऊ शकेल : ‘रुग्णालयात औषध मागवणारा एक, साठवणारा दुसरा आणि रुग्णाला देणारा तिसरा असतो, त्यामुळे कोणत्या खोक्याची मुदत कधी संपते हे तिघांपैकी कोणालाच वेळेवर कळत नाही, आणि न वापरलेले औषध नष्ट करावे लागते. आमची प्रणाली ही सूचना आधीच देते.’ यानंतर एकच आकडा सांगावा, आणि तो आपण प्रणाली प्रत्यक्ष वापरून पाहिलेल्या रुग्णालयातील असावा. संपूर्ण औषध बाजारपेठ किती मोठी आहे हे सांगून सुरुवात करण्याचा मोह अनेकांना होतो, पण एवढ्या मोठ्या आकड्यात आपला वाटा किती हा प्रश्न लगेच उभा राहतो आणि त्याचे उत्तर त्या क्षणी आपल्याजवळ तयार नसते.

किस्सा आपण स्वतः पाहिलेला असेल तर अवश्य सांगावा. रचलेला किस्सा पहिल्याच उलटप्रश्नाला कोसळतो. प्रश्नाने सुरुवात करणे गुंतवणूकदारांपुढे मला धोक्याचे वाटते, कारण एखाद्याने अनपेक्षित उत्तर दिले तर पुढची सगळी मांडणी विस्कटते. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांपुढे मात्र तोच प्रश्न परिणामकारक ठरेल, कारण ते नुकसान त्यांनी स्वतः सोसलेले असते.

पहिल्या शब्दांविषयी मी इतका आग्रह धरतो त्याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1946 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच व्यक्तीचे तेच सहा गुणदोष दोन गटांना वेगवेगळ्या क्रमाने सांगितले होते. ज्यांनी आधी ‘बुद्धिमान’ आणि ‘कष्टाळू’ हे शब्द ऐकले त्यांचे मत, आधी ‘मत्सरी’ आणि ‘हट्टी’ ऐकणाऱ्यांपेक्षा अनुकूल झाले. आधी ऐकलेल्या शब्दांच्या प्रकाशात श्रोता पुढचे शब्द समजून घेतो.

आपला अनुभव वाया जाणार नाही. अडचण आणि उपाय ऐकल्यावर ‘हे काम याच दोघांना कसे जमेल’ अशी शंका मनात येते, तेव्हा तो दोन वाक्यांत सांगावा. किती भांडवल हवे आणि ते कशासाठी, हेही पहिल्या दोन मिनिटांत येऊ द्यावे. ऐनवेळी आपला वेळ निम्मा केला गेला, तरी मुख्य मागणी त्यांच्या कानावर गेलेली असेल.

सुरुवातीचा मजकूर सर्वांत शेवटी लिहावा आणि त्यातली पहिली दोन वाक्ये तेवढी तोंडपाठ करावीत. मग या क्षेत्राशी संबंध नसलेल्या एखाद्या परिचिताला ती दोन मिनिटे ऐकवून, त्याला काय समजले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. नुकसान कोणाचे होते हे त्याला सांगता आले नाही, तर मजकूर पुन्हा लिहायला घ्यावा.