मे महिन्यात चौघांनी कोकणात तीन रात्री राहायचं तर किती खर्च येईल? दर दुप्पट सांगतात, ही लूट नाही का?

तुम्ही ठाण्याहून, दोन मुलांना घेऊन, स्वतःच्या गाडीने येणार असं लिहिलंय. गुहागरला आमच्या घराच्या चार खोल्या आम्ही अकरा वर्षं पर्यटकांना देतो आहोत, त्यामुळे माझ्याच वहीतला हिशेब सांगते.

एसी खोली, जादा दोन गाद्यांसह, 3,500 रुपये रात्र. तीन रात्रींचे 10,500. चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण धरून माणशी दिवसाला साधारण 650, म्हणजे चौघांचे 7,800. जाऊन-येऊन आणि इथलं फिरणं धरून 700 किलोमीटर गाडी पळते, त्याच्या पेट्रोलला पाच हजार. फेरीबोट, मुलांचं काहीबाही, कोकम-आमसुलं मिळून दोन हजार. थोडक्यात 25 हजार धरून चला, आंब्याची पेटी वेगळी.

आता दराचं. हीच खोली जुलैत मी 1,800 ला देते आणि तरी कितीतरी रात्री ती रिकामी असते. आमचं वर्ष दिवाळीचे काही दिवस, नाताळ ते एक जानेवारी, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि एप्रिल मध्यापासून मे अखेर एवढंच. यातूनच शाकारणी, रंग, नवीन गाद्या आणि पावसाळ्यातलं वीजबिल निघायचं असतं.

शिवाय खर्चही नेमका मे महिन्यातच वाढतो. मला मदतीला वाडीतल्या दोघी येतात. मे महिन्यात त्यांच्या दारात कोकमं फोडायची असतात, फणसाची साठं घालायची असतात, मुंबईचे दीर-जावा पोराबाळांसह घरी आलेले असतात आणि दर दोन दिवसांनी कुणाचं तरी लग्न असतं. तरीही त्या पहाटे सहाला येऊन घावनांचं पीठ दळून ठेवतात. त्यांना जास्त पैसे द्यायलाच हवेत, आणि मी देते. दहा मेनंतर आमच्या विहिरीवर पंप तासभरच चालतो, पुढे टँकर. चार खोल्यांच्या चादरी रोज धुवायच्या तर त्याला इलाज नाही.

त्यात 2025 चं उदाहरण घ्या. मोसमी पाऊस 25 मे रोजीच कोकणात आला आणि आमच्या शेवटच्या आठवड्यातल्या सगळ्या खोल्या रद्द झाल्या. आम्ही आगाऊ घेतलेले पैसे परत केले, पण सगळ्यांना ते जमत नाही. म्हणून पैसे पाठवण्याआधी ‘पावसामुळे रद्द केलं तर काय?’ हे स्पष्ट विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. शक्यतो 20 मेच्या आत या. बोटीतून किल्ला पाहणं आणि पाण्यातले खेळ साधारण 26 मेपासून 31 ऑगस्टपर्यंत बंद असतात, मुलं त्यासाठीच आलेली असतात.

खोली थेट फोन करून घ्या. बुकिंगचं ॲप आमच्याकडून कमिशन कापतं, ते शेवटी दरातच येतं. 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या घरगुती निवासाला जीएसटी नोंदणी लागत नाही, पण तीच खोली ॲपवरून घेतली की कर लागतो.

खरे पैसे वाया जातात ते शनिवार-रविवारी. मागच्या मे महिन्यात डोंबिवलीचं एक कुटुंब शुक्रवारी रात्री निघालं आणि महामार्गावरच्या कोंडीतून पहाटे चारला आमच्या फाटकाशी पोचलं. धाकटी मुलगी सीटवर आडवी झोपलेली, हातात किनाऱ्यासाठी आणलेलं प्लास्टिकचं फावडं. दुपारी बारापर्यंत सगळे झोपले. संध्याकाळी समुद्र पाहिला, रविवारी जेवून परत. दोन रात्रींचे पैसे देऊन त्या मुलीला पाण्यात जेमतेम दोन तास मिळाले. मला फार वाईट वाटलं. मुलांना सुट्टी आहेच, मग तुम्ही दोघं सोमवार ते गुरुवार रजा काढा. त्या दिवसांत मी खोलीमागे 700 रुपये कमी घेते आणि आमच्या भागातले बरेच जण घेतात. विचारायला संकोचू नका.

रेल्वेने यायचं तर चिपळूणला उतरा. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 10 मेच्या गाडीसाठी मार्चमध्येच. त्याच गाड्यांवर चाकरमानी आणि पर्यटक दोघांची झुंबड असते, आरक्षण उघडेल त्या दिवशी सकाळीच तिकीट काढायला बसा. चिपळूणहून एसटी आहे, आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट.

आंबे मे महिन्यात एप्रिलपेक्षा स्वस्त होतात. रस्त्यावरच्या स्टॉलवर बंद पेटी घेऊ नका, वरचा थर उचलून खालचा बघा, किंवा राहता त्या घरी सांगा, शेजारच्या बागेतून डझनावर मिळतात.

आणि जेवणाची माणसं आदल्या संध्याकाळीच कळवा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्याआधीच्या दिवसांत सुरमई महाग असते आणि मी सकाळी बंदरावर मोजूनच घेते. चौघं सांगून सात जण आले तर मला बांगड्यावर भागवावं लागतं, आणि मुलांनी सुरमईच मागितलेली असते.