दागोबातला ‘बा’ कोणाचा?

प्रश्न असा आलाय: श्रीलंकेतल्या अनुराधापूर या जुन्या राजधानीतल्या बौद्ध स्तूपांना ‘दागोबा’ म्हणावं की ‘पॅगोडा’? आणि दागोबा हा खंडोबा-म्हसोबांचाच भाऊबंद का?

छे हो! खंडोबातला ‘बा’ आदराचा. दागोबाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. संस्कृत धातुगर्भ, पालीत धातुगब्भ, सिंहलीत घासून दागब. मधला ‘ओ’ युरोपीय लेखणीचा. कार्ले-भाज्याच्या स्तूपांनाही आपण दागोबा म्हणतो, ते इंग्रजी पुस्तकांच्या कृपेने. आणि धातू म्हणजे तांबं-पितळ नव्हे, बुद्धाचे शरीरावशेष! ‘धातूने मढवलेला घुमट’ असा अर्थ ठोकून देणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

खरी मजा ‘गब’मध्ये आहे. तो आपला गाभाच! गर्भावरून गाभा, गर्भागारावरून गाभारा. पण दागोबाला गाभारा नसतो. महासेन राजाने उभारायला घेतलेला अनुराधापूरचा जेतवनाराम स्तूप मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता, आज ७१च्या आसपास उरलाय. सगळं भरीव वीटकाम, आत शिरायची सोय नाही. त्याला सरसकट ‘मंदिर’ लिहिणाऱ्यांनी देव कुठे बसवला, ते एकदा दाखवावं.

सिंहलीत ‘च’चा ‘स’ होतो, हे कळलं की अख्खं शहर वाचता येतं. चैत्याचं झालं सॅय. म्हणून तिथल्याच रुवन्वेलिसॅय या स्तूपाचं नाव म्हणजे रत्न, वालुका (आपली वाळू) आणि चैत्य. पायरीशी जी अर्धगोल कोरीव शिला असते, तिचं नाव संदकड पहण: चंद्र, खंड, पाषाण. बाहेरून ज्वाळा, मग हत्ती-घोडे-सिंह-बैल, मग वेल, मग चोचीत डहाळी धरलेले हंस, मधोमध अर्धं कमळ. लोक त्यावर सरळ पाय देऊन वर जातात.

पॅगोडा राहिला. दागोबाची अक्षरं उलटून पॅगोडा झाला, असं काही विद्वान सांगतात. मला हा निव्वळ पोरखेळ वाटतो. कोणी फारसी ‘बुतकदा’ (मूर्तीचं घर) पुढे करतात. तेही मला पटत नाही. पोर्तुगीज आधी उतरले मलबारात, आणि त्यांचा ‘पागोद’ देवळालाही लागू, मूर्तीलाही, सोन्याच्या नाण्यालाही. तिथे घरोघर भगवती, तमिळ तोंडी ‘पगवदी’. देवीचं नाव देवळाला, मूर्तीला आणि देव कोरलेल्या नाण्याला चिकटलं, असा माझा कयास. तेच नाणं म्हणजे आपला होन. इंग्रज त्याला पॅगोडाच म्हणत.