जामीन मंजूर, पण जामीनदार नामंजूर

प्रश्न : मेहुण्याला सत्र न्यायालयाने २५ हजारांचा जातमुचलका (आरोपीचे स्वतःचे हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार या अटीवर जामीन दिला. मी माझा सातबारा घेऊन गेलो. शेत दुसऱ्या जिल्ह्यात आहे आणि उताऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे, ही दोन कारणे सांगून मला नाकारले. आदेश होऊन आठ दिवस झाले, माणूस अजून तुरुंगातच आहे. न्यायालयाला असे करता येते का?

उत्तर : जामीनदार नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मात्र तुमच्या बाबतीत पहिले कारण टिकणारे नाही, दुसऱ्यात तथ्य असू शकते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८५ प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४४१) जामीनदार योग्य आणि पुरेसा आहे का, हे न्यायालय पाहते. पुरेसा म्हणजे आरोपी पळाला तर बाँडची, म्हणजे हमीपत्राची, रक्कम वसूल होईल इतकी ऐपत असलेला. योग्य म्हणजे आरोपीला खरोखर ओळखणारा, त्याला तारखेला हजर ठेवू शकणारा. न्यायालय प्रतिज्ञापत्रावर समाधान मानू शकते किंवा चौकशी करू शकते. म्हणूनच जामीनदाराला उभे करून ‘आरोपी तुमचा कोण? राहतो कुठे? तो आला नाही तर तुमचे काय होईल?’ असे विचारतात. इथे जो अडखळतो, त्याचे कागद कितीही चोख असले तरी तो भाडोत्री असल्याचा संशय येतो, आणि तो संशय रास्तच असतो.

आता जिल्ह्याचे. मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या निकालात एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. त्याचा भाऊ पुढे आला, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवले आणि रक्कम हजारावर आणली. तुमच्या वकिलांनी हा निकाल अर्जासोबत जोडावा आणि नकाराचा लेखी, सकारण आदेश मागावा. तोंडी नकाराविरुद्ध वर दाद मागणे फार अवघड जाते.

बोजाचे तसे नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कर्ज दिसले की जमिनीतून काय उरते, हा प्रश्न येणारच. सोसायटीकडून येणे बाकीचा दाखला घ्या. बाकी थोडी आणि जमिनीची किंमत त्याहून बरीच जास्त असेल, तर ते आकडे प्रतिज्ञापत्रात लिहा. सोबत चालू तारखेचा सातबारा, आठ-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा), आधार आणि जमल्यास तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला ठेवा. खाते सामाईक असेल तर तुमचा हिस्सा स्पष्ट करा. सातबाऱ्यावर एक नाव आणि आधारवर दुसरे, ही चूक तर फार वेळा नडते.

जामीनदार मिळतच नसेल, तर कलम ४९० खाली रोख रक्कम भरण्याची परवानगी मागता येते. रक्कम झेपत नसेल तर कलम ४८४ खाली ती कमी करण्याचा अर्ज करा. आदेशानंतर महिन्याभरात बाँड भरला गेला नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे.

प्रश्न : मी आधीच दोघांना जामीन राहिलो आहे. ते सांगावे लागेल का? आणि एकदा स्वीकारलेला जामीनदार नंतर बाद होतो का?

उत्तर : सांगावेच लागेल. आपण किती जणांना जामीन आहोत, हे तपशिलासह जाहीर करणे कलम ४८६ प्रमाणे सक्तीचे आहे. आधी दोघांना राहिलात एवढ्यानेच तुम्ही अपात्र ठरत नाही, पण त्याच शेतावर तिन्ही बाँडांचा भार पेलतो का, हे पाहिले जाईल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हो. चुकीने किंवा फसवणुकीने अपुरा जामीनदार घेतला गेला, अथवा त्याची ऐपत पुढे घटली, तर कलम ४८८ प्रमाणे आरोपीविरुद्ध वॉरंट निघते, नवा जामीनदार मागितला जातो, आणि तो न दिल्यास आरोपी पुन्हा कोठडीत जाऊ शकतो. म्हणून बाँड चालू असताना ते शेत विकायचे झाले, तर आधी कलम ४८९ खाली स्वतःचा जामीन रद्द करून घेण्याचा अर्ज द्या आणि आरोपीला वेळीच कळवा, म्हणजे दुसरा जामीनदार त्याच्या हाताशी राहील.