दहावा मणी

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. बायबलची वचनं छापलेले टीशर्ट, चांदीचे क्रूस आणि जपमाळा विकायच्या, आणि तेही प्रभूची सेवा म्हणून, असं तू लिहिलंस. फार बरं वाटलं. वसईत माझं दुकान याच मालाचं, म्हणून मनापासून लिहिते.

जपमाळेत 59 मणी असतात. सुरुवातीला मी बाहेरून ओवून आलेल्या माळा न मोजताच विकायचे. एकदा एक आजी माळ घेऊन परत आल्या. त्यांना दिसायचं कमी. काउंटरवर उभ्या राहून त्यांनी तिसऱ्या दशकावरून, म्हणजे दहा 'नमो मरिया' प्रार्थनांच्या दहा मण्यांवरून, बोट फिरवलं. नऊच मणी! "रोज इथं माझी नमो मरिया चुकते गं," एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं. त्यांचा सगळा जप बोटांवर होता आणि मी एक मणी कमी दिला होता. तेव्हापासून प्रत्येक माळ मी स्वतः मोजते, लग्नसराईच्या गर्दीतसुद्धा.

चांदी 925, म्हणजे साडेब्याण्णव टक्के शुद्ध, असेल तरच चांदी म्हण. पांढऱ्या धातूचा क्रूस असेल तर तसं सांगून वीक. स्वस्त धातूत निकेल असलं की कित्येकांच्या गळ्याला पुरळ उठतं. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो, हे बायबलातल्या नीतिसूत्रांत आहे (11:1). ते मी काट्याशेजारी लिहून ठेवलंय. आणि गिऱ्हाइकाला विचारत जा. कॅथलिक घरात क्रूसावर येशूची मूर्ती लागते, प्रॉटेस्टंट बहुतेक रिकामा क्रूस मागतात.

टीशर्टवरचं वचन छापण्याआधी कागदावर काढून बघ. फॉन्ट बदलला की 'ख्रिस्त'मधलं जोडाक्षर फुटतं, आणि मग शंभर टीशर्ट तसेच पडून राहतात. नव्या भाषांतरांचे हक्क असतात, प्रकाशकाची लेखी परवानगी घे. पंडिता रमाबाई मात्र 1922 साली वारल्या, त्यांच्या कामावरचे हक्क संपलेत. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी भाषांतर आहे, तेही वाचून बघ.

कुणीतरी तुला बायबलातलं 1 तीमथ्य 2:9 दाखवेल, सोन्यामोत्यांनी नटू नये म्हणून. रागावू नकोस. श्रीमंतीचा तोरा मिरवू नये, असा त्याचा अर्थ मी घेते, आणि भावही त्याच हिशेबानं लावते. बायबलातली लुदिया फिलिप्पै शहरात जांभळी वस्त्रं विकायची. प्रभूनं तिचं अंतःकरण उघडलं, तिनं प्रेषित पौलाला घरी ठेवून घेतलं. धंदा सोडल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे मुली चर्चमध्ये पहिल्यांदा प्रभुभोजन घेतात त्या दिवसाचे, पांढरे फ्रॉक शिवणार असशील तर एक कर. साधा फ्रॉकही त्याच मापाचा, त्याच घेराचा शीव. रांगेत उभी असताना कुठल्या मुलीच्या घरी पैसे कमी आहेत, हे कळता कामा नये. शिंप्याची मजुरी मात्र त्यातून कापू नकोस, ती शनिवारीच दे.

पहिल्या माळा ओवून झाल्या की घेऊन ये. दोघी मिळून मोजू.

तुझी,
मावशी