टक्के कशाचे, ते आधी विचारा

प्रश्न : सर, मुलगी सातवीत आहे. पाढे पाठ, गुणाकार-भागाकार फास्ट, पण शाब्दिक उदाहरण आलं की गडबडते. परवा २/३ + १/४ चं उत्तर ३/७ लिहिलं. सेलमधल्या '२०% सूट, त्यावर आणखी १०%' चे सरळ ३०% धरते. क्लास लावू का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, क्लासची घाई नको. पाढे येतायत ना, मग एकच सवय लावा, पेन्सिल उचलायच्या आधी विचारायचं, 'कशाचे?'

सेलचंच बघा. हजाराचा ड्रेस, २०% गेले, राहिले ८००. आता पुढचे १०% हजाराचे नाहीत, ८०० चे आहेत, म्हणजे ८० रुपयेच, ड्रेस पडला ७२० ला आणि एकूण सूट झाली २८%. मग उलटं विचारा, दुकानदाराने हजारावर २०% वाढवले आणि त्या किमतीवर २०% सूट दिली तर? बरीच मुलं पटकन 'हजारच' म्हणतात. येतात ९६०, कारण वाढवले हजाराचे आणि कमी केले बाराशेचे! हे तिला स्वतःला सापडू द्या, तुम्ही सांगू नका.

३/७ साठी आधी अंदाज घ्यायला शिकवा. २/३ हेच अर्ध्याहून जास्त आहे, त्यात अजून काही मिळवलं तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल? छेद म्हणजे तुकड्याचं माप, मापांची बेरीज करत नाहीत, आधी माप सारखं करायचं, ८/१२ + ३/१२ = ११/१२. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी म्हणायला लावा, अपूर्णांकांचे हे पाढे पूर्वी पोरांच्या तोंडावर असायचे आणि ते परत यावेत असं मला मनापासून वाटतं.

भूमितीत पण तेच. गुंठा म्हणजे ३३ × ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. दोन्ही बाजू दुप्पट केल्या तर गुंठे दोन नाही, चार होतात, चौकटीच्या वहीत काढून बघू दे तिला.

ते जमलं की हे द्या : त्याच एका गुंठ्याची लांबी २०% वाढवली आणि रुंदी २०% कमी केली तर जागा तेवढीच राहील का? आकृती काढूनच सोडवायला सांगा, आणि उत्तर आलं की वरच्या ड्रेसच्या हिशोबाशी ताडून बघायला सांगा.